'मोनिन': फिलाडेल्फियाचे चौघे आणि आर्ट ब्लेकी

मध्यलय:

आर्ट ब्लेकी आणि जॅझ मेसेंजर्स यांची 'मोनिन' ही ध्वनिमुद्रिका ३० ऑक्टोबर १९५८ रोजी न्यू जर्सीतील हॅकेन्सॅक येथे मुद्रित झाली. तिच्याविषयी लिहिणारे बहुतेक जण ब्लेकीपासून सुरुवात करतात आणि ब्लेकीपाशीच थांबतात. मुखपृष्ठावर त्याचा एकट्याचा चेहरा आहे, संच त्याच्या नावाचा आहे, आणि त्याच्या ड्रम्सचा जोर एकदा अंगात भिनला की बाकीच्यांकडे लक्ष जाण्यास वेळ लागतो, हे मान्यच आहे. मला मात्र या धाग्यात उरलेल्या चौघांविषयी बोलायचे आहे. ट्रम्पेटवरचा ली मॉर्गन, टेनर सॅक्सोफोनवरचा बेनी गोल्सन, पियानोवरचा बॉबी टिमन्स आणि डबल बेसवरचा जिमी मेरिट हे चौघेही फिलाडेल्फियाचे होते. पाचवा, म्हणजे स्वतः ब्लेकी, त्याच पेनसिल्व्हेनिया राज्याच्या दुसऱ्या टोकाच्या पिट्सबर्गचा. संच नुकताच जुळला होता, तरीही वर्षानुवर्षे एकत्र वाजवत आल्यासारखे हे पाच जण वाजवतात, आणि त्याचे मोठे कारण त्या चौघांच्या शहरात आहे, असे माझे मत आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९५६ मध्ये ब्लेकीचा तोवरचा साथीदार, पियानोवादक होरेस सिल्व्हर बाहेर पडला आणि 'जॅझ मेसेंजर्स' हे नाव ब्लेकीकडे राहिले. त्यानंतरच्या दोन वर्षांत संचातील माणसे सतत बदलत राहिली. १९५८ मध्ये गोल्सन आला तेव्हा तो २९ वर्षांचा होता, ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीच्या मोठ्या वाद्यवृंदात वाजवून आलेला होता आणि रचनाकार म्हणून त्याचे नाव झालेले होते. संच नव्याने बांधायचा तर कोणाला घ्यावे, असा प्रश्न निघाल्यावर त्याने एकामागून एक आपल्याच गावच्या माणसांची नावे सुचवली, ही हकीकत त्याने पुढे मुलाखतींतून अनेकदा सांगितली आहे. मॉर्गन गिलेस्पीच्या त्याच वाद्यवृंदात त्याच्याबरोबर होता आणि तेव्हा अवघा २० वर्षांचा होता. टिमन्स २२ वर्षांचा, तर मेरिट ३२ वर्षांचा होता. गोल्सनने या माणसांची केवळ कीर्ती ऐकली नव्हती. कोण दबावाखाली कसे वाजवतो, कोणाच्या हाताखाली कोणती चाल सहज बसते, हे त्याला ठाऊक होते.

ध्वनिमुद्रिकेत सहा रचना आहेत. त्यांतील चार गोल्सनच्या: 'आर यू रिअल', 'अलाँग केम बेटी', 'द ड्रम थंडर स्वीट' आणि 'ब्लूज मार्च'. शीर्षकरचना टिमन्सची. सहावी, 'कम रेन ऑर कम शाइन', ही हॅरॉल्ड आर्लेनची १९४६ सालची नाट्यगृहातील चाल. म्हणजे सहापैकी पाच रचना फिलाडेल्फियाच्या दोघांच्या लेखणीतून उतरलेल्या आहेत. याच कारणाने मी हिला मनातल्या मनात ब्लेकीइतकीच गोल्सनची ध्वनिमुद्रिका मानतो.

शीर्षकरचनेचा जन्म कसा झाला ते पाहण्यासारखे आहे. टिमन्सला दोन गाण्यांच्या मधल्या वेळात आठ बारांचा (बार म्हणजे चार मात्रांचा गट) एक तुकडा वाजवत राहण्याची सवय होती. त्याच्या लेखी तो तुकडा म्हणजे बोटे मोकळी करण्याचे साधन होते. गोल्सनच्या कानाने त्यातले गाणे ओळखले आणि मधला भाग, म्हणजे ब्रिज, लिहून आण असा आग्रह त्याच्याकडे धरला. टिमन्सला स्वतःला त्यात विशेष काही दिसत नव्हते. त्याचे आजोबा धर्मोपदेशक होते आणि त्यांच्या चर्चमध्ये तो ऑर्गन वाजवत असे. इतक्या लहानपणापासून अंगवळणी पडलेल्या गोष्टीचे मोल स्वतःला उमगत नाही, ते शेजारच्या माणसाने दाखवावे लागते.

त्या आठ बारांत काय आहे? पियानो एकटाच एक हाक देतो, आणि बाकीचे सगळे मिळून दोन स्वरमेळांत, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या दोन गुच्छांत, तिला उत्तर देतात. हे उत्तर म्हणजे चर्चमधील गॉस्पेल भक्तिगीते गाणाऱ्या मंडळीतील 'आमेन'. कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये बसलेल्या कोणत्याही माणसाला ते सांगावे लागत नाही. दुसऱ्या आठ बारांत हाक ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन देतात आणि उत्तर पियानो, बेस व ड्रम्सकडे जाते. मग ब्रिज येतो, तिथे बेस सरळ चालू लागतो आणि ताल मोकळा होतो, आणि शेवटच्या आठ बारांत पुन्हा तीच हाक. बत्तीस बारांची ही मांडणी अमेरिकी गाण्यांत जुनीच आहे, पण तिच्यात चर्चमधील हाक-प्रतिसाद इतका नेमका बसवलेला मी अन्यत्र ऐकलेला नाही.

त्यानंतर ब्लेकीचा रोल, म्हणजे काठ्यांचा अखंड कडकडाट, उसळतो आणि मॉर्गन आत येतो. पहिलेच वाक्य उंच पट्टीतले, अडवून धरलेले, जवळजवळ ओरडल्यासारखे. वीस वर्षांचा मुलगा असा प्रवेश घेतो तेव्हा त्याला मागच्या माणसांची पूर्ण खात्री असावी लागते. आता या ध्वनिमुद्रिकेतील माझा सर्वांत आवडता क्षण सांगतो. मॉर्गनचे दोन कोरस, म्हणजे बत्तीस बारांच्या दोन फेऱ्या, संपतात आणि त्याने जे शेवटचे लहानसे वाक्य वाजवलेले असते, तेच उचलून गोल्सन स्वतःचे वादन सुरू करतो. तो त्या वाक्याची री ओढत नाही. ते तो आपल्या जाड, श्वासाने भरलेल्या स्वरात पुन्हा म्हणतो, थोडे वळवतो आणि तिथून स्वतःच्या वाटेला लागतो. तिसऱ्या मिनिटाच्या आसपासची ही जागा जाणकारांनी जरूर पुन्हा ऐकावी. आणि या रचनेत शहर कुठे ऐकू येते, ते सर्वांनी सांगावे.

खर्ज:

धाग्याबद्दल मनापासून आभार. मी बेसच्या बाजूने ऐकणारा माणूस आहे, त्यामुळे जिमी मेरिटविषयी लिहितो, कारण या संचावरील लेखनात त्याच्या वाट्याला सहसा एक ओळ येते.

मेरिट जॅझमध्ये नावारूपाला आला तो ऱ्हिदम अँड ब्लूजच्या वाटेने. बुल मूस जॅक्सनच्या संचाबरोबर तो देशभर हिंडला, आणि पन्नाशीच्या दशकाच्या मध्यात त्याने बी. बी. किंगबरोबरही वाजवले. बुल मूस जॅक्सनच्या त्याच संचात काही काळ गोल्सनही होता आणि पियानोवर टॅड डॅमरॉन होता. रचना कशी बांधावी याचे पुष्कळसे ज्ञान डॅमरॉनकडून मिळाले, असे गोल्सन सांगत असे. म्हणजे मेरिट आणि गोल्सन यांची जानपछान जॅझ क्लबांतली नव्हे, तर नाचणाऱ्या लोकांसमोर रात्ररात्र वाजवण्यातून झालेली होती. इलेक्ट्रिक बेस हाती घेणाऱ्या सुरुवातीच्या मोजक्या वादकांतही मेरिटची गणना होते. मोठ्या आवाजाच्या संचात बेस ऐकू आलाच पाहिजे, ही त्या कामाची पहिली अट होती.

ही पार्श्वभूमी 'मोनिन'मध्ये स्पष्ट ऐकू येते. ब्लेकी मागून जड शफल, म्हणजे झोके घेणारा ताल, धरतो, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर ठाम ठोका देतो, आणि अशा वेळी केवळ बीबॉप या वेगवान, गुंतागुंतीच्या जॅझ शैलीवर वाढलेला बेसवादक सुरांच्या कसरतीत अडकण्याचा धोका असतो. मेरिट प्रत्येक मात्रा जमिनीत खुंटी ठोकावी तशी ठोकतो आणि पुढे जातो. टिमन्सनंतर येणारे त्याचे एकल वादनही असेच आहे. त्यात वेगाचे प्रदर्शन मुळीच नाही. तो ब्लूजची वाक्ये सावकाश आणि मुद्देसूद बोलतो, आणि ती संपताच मूळ चाल परत येते तेव्हा तिला ऐकणाऱ्याच्या मनात आधीच जागा झालेली असते.

पूर्वपक्ष:

लेख आवडला, तरी एक गंभीर आक्षेप नोंदवतो. गावाच्या प्रेमात आपण ब्लेकीवर अन्याय करत आहोत असे वाटते.

गोल्सन या संचात आला तेव्हा तो मृदू वाजवणारा वादक होता. डॉन बायस आणि लकी थॉम्प्सन या टेनर वादकांच्या वळणाचा, लांब, गुंडाळलेल्या वाक्यांचा त्याला ओढा होता. ब्लेकीच्या पुढे ते वादन बुडून जात असे. ब्लेकी त्याच्या वादनाच्या ऐन मध्यात असा काही रोल उठवायचा की सॅक्सोफोन ऐकूच येऊ नये, आणि वर त्याला खड्ड्यातून बाहेर ये म्हणून ओरडायचा, हा प्रसंग गोल्सनने स्वतः सांगितला आहे. त्या धाकानेच तो मोठ्याने, ठासून वाजवायला शिकला. 'मोनिन'मधील त्याचे जे वादन मध्यलय यांना इतके आवडते, त्याची धार ब्लेकीने लावलेली आहे. फिलाडेल्फियाने त्याला चाल लिहायला शिकवले असेल, पण ती चाल गर्दीच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवायला पिट्सबर्गच्या माणसाने शिकवले.

शिवाय 'द ड्रम थंडर स्वीट' पाहा. तीन भागांची ती रचना गोल्सनने लिहिली, हे खरे. पण ती लिहिली गेली ती ब्लेकीला मॅलेटने, म्हणजे मऊ टोकाच्या काठ्यांनी, वाजवण्यासाठी प्रशस्त जागा हवी होती म्हणून. पहिल्या भागात ट्रम्पेट व सॅक्सोफोन जेमतेम दारापर्यंत येतात आणि मागे सरतात, बाकी सगळे घर ड्रम्सचे. दुसऱ्या भागात, 'क्राय अ ब्लू टिअर'मध्ये, लॅटिन ताल आहे, आणि तिसऱ्यात, 'हार्लेम्स डिसायपल्स'मध्ये, पुन्हा ब्लूजची माती. सात-साडेसात मिनिटांत इतके मुलूख फिरवून आणणारा तालवादक नसता तर हे लेखन कागदावरच राहिले असते.

मध्यलय:

पूर्वपक्ष यांचा आक्षेप रास्त आहे, आणि त्यातील प्रत्येक तपशील माझ्या मुद्द्याला आधारच देतो असे मला वाटते. ब्लेकीने गोल्सनला ढकलले, हे खरे. परंतु ज्याला ढकलायचे त्याच्या पायाखाली जमीन असावी लागते. गोल्सनच्या डाव्या हाताला मॉर्गन होता, मागे टिमन्स आणि मेरिट होते. पुढे झेप घेताना तोल गेला तर कोण सावरणार, हे त्याला माहीत होते. 'ब्लूज मार्च'चेच उदाहरण घ्या. आधुनिक जॅझच्या संचाला लष्करी चालीवर रस्त्यावरच्या बँडसारखे वाजवायला लावायचे, ही कल्पना तेव्हा अनेकांना पोरकट वाटली असती. ब्लेकीचा तो कवायतीचा रोल, त्यावर दोन वाद्यांची साधी, जवळजवळ शाळकरी चाल, आणि खाली मात्र बारा बारांचा पक्का ब्लूज. नवख्या, एकमेकांना जोखणाऱ्या पाच जणांनी ही रचना हसण्यावारी नेली असती. हे चौघे ती पूर्ण विश्वासाने वाजवतात, म्हणूनच ती उभी राहते, आणि पुढे अनेक वर्षे ती ब्लेकीच्या मैफलींत हुकमी म्हणून वाजत राहिली.

दूरदेशी:

मी गेली अनेक वर्षे न्यू जर्सीत राहतो आणि फिलाडेल्फियाला वरचेवर जाणे होते. न्यूयॉर्कपासून जेमतेम दीडशे किलोमीटरवर असलेल्या या शहराविषयी काही सांगतो, म्हणजे 'शहर कुठे ऐकू येते' या प्रश्नाला थोडी जमीन मिळेल.

दक्षिणेतील राज्यांतून उत्तरेकडे आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांची फार मोठी वस्ती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इथे झाली. तिच्या आधीपासून इथे कृष्णवर्णीय चर्चची परंपरा होती. रिचर्ड अ‍ॅलनने स्थापन केलेले मदर बेथेल चर्च १७९४ पासूनचे आहे. घरे म्हणजे एकमेकांना खेटून बांधलेल्या विटांच्या रांगा. समोरच्या खोलीत पियानो आणि भिंतीपलीकडे शेजारी. दक्षिण फिलाडेल्फियातील हीथ कुटुंबाचे घर ही वादकांची हक्काची जागा होती. वडील गाड्या दुरुस्त करत आणि शनिवार-रविवारी क्लॅरिनेट वाजवत. त्यांची पर्सी, जिमी आणि अल्बर्ट ही तिन्ही मुले जॅझमध्ये मोठी झाली. चाळीसच्या दशकाच्या उत्तरार्धात जिमी हीथने जो मोठा वाद्यवृंद उभा केला, त्यात पुढे विख्यात झालेला सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन आणि बेनी गोल्सन हे दोघेही होते. गोल्सन आणि कोल्ट्रेन किशोरवयापासूनचे मित्र. गोल्सनच्या आईच्या घरातील दिवाणखान्यात हे दोघे ध्वनिमुद्रिका ऐकून ऐकून वाजवत बसत.

मॉर्गनची पिढी यानंतरची. तो मास्टबॉम या तांत्रिक शिक्षणाच्या शाळेत शिकला. तिथे हातांचे उद्योग शिकवत आणि संगीताचाही उत्तम विभाग होता. शहरात 'म्युझिक सिटी' नावाचे वाद्यांचे दुकान होते आणि तिथे होणाऱ्या बैठकींत शाळकरी मुलांनाही प्रवेश असे. दारू विकणाऱ्या क्लबांत ज्यांना आत घेत नसत, अशा मुलांना न्यूयॉर्कहून आलेल्या नामवंतांच्या शेजारी उभे राहून वाजवायला मिळे. ट्रम्पेटवादक क्लिफर्ड ब्राउन जवळच्याच विल्मिंग्टनचा. तो या दुकानात येत असे आणि मॉर्गनने त्याला तिथे अगदी जवळून ऐकले. जून १९५६ मध्ये पेनसिल्व्हेनियातच मोटार अपघातात ब्राउन गेला, तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. गोल्सनने त्याच्या स्मरणार्थ जी चाल लिहिली, ती पुढच्याच वर्षी मॉर्गनने स्वतःच्या ध्वनिमुद्रिकेसाठी वाजवली, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. 'मोनिन'मध्ये मॉर्गनच्या वाक्याला गोल्सन ज्या जिव्हाळ्याने हात देतो, त्याच्यामागे हे सामायिक दुःखही आहे असे मला नेहमी वाटते.

उत्तर फिलाडेल्फियातील कोलंबिया अ‍ॅव्हेन्यूवर एकाला लागून एक क्लब होते. ऑगस्ट १९६४ च्या दंगलीनंतर त्या रस्त्याची रया गेली. १९८७ पासून त्याला नागरी हक्क चळवळीतील वकील सेसिल बी. मूर यांचे नाव आहे. नॉर्थ ३३ व्या रस्त्यावरील कोल्ट्रेनचे घर १९९९ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू म्हणून जाहीर झाले, तरीही नंतर ते दीर्घकाळ दुरवस्थेत राहिले, याचे मला फार वाईट वाटते. अशा प्रत्येक भिंतीबरोबर त्या पिढीचे एकेक दालन बंद होते.

सोनचाफा:

दूरदेशी यांचा प्रतिसाद वाचून एक प्रश्न पडला. आपल्याकडे किराणा, ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर अशी घराणी आपण स्थळांवरून ओळखतो. मग फिलाडेल्फियालाही जॅझमधील एक घराणे म्हणता येईल का? चौघांची पार्श्वभूमी इतकी सारखी असेल तर त्यांच्या गायकीतही, म्हणजे वादनातही, समान धागा असायला हवा. तो कोणता, हे कोणी उलगडून सांगेल का? मी हिंदुस्थानी संगीत ऐकत आले आहे. जॅझ अलीकडेच ऐकू लागले आहे.

मध्यलय:

सोनचाफा, तुमचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. माझे उत्तर 'नाही' असे आहे आणि ते का, हे थोडे विस्ताराने लिहितो.

घराणे उभे राहते ते गुरूकडून शिष्याकडे जाणाऱ्या विद्येवर. आवाज कसा लावायचा, रागाची बढत कोणत्या क्रमाने करायची, कोणत्या बंदिशी गायच्या, हे सर्व वर्षानुवर्षांच्या तालमीतून उतरते, आणि त्यामुळे एकाच घराण्याचे दोन गायक चार आवर्तनांत ओळखू येतात. फिलाडेल्फियाच्या या चौघांत कोणी कोणाचा गुरू नाही. चौघेही एकमेकांहून वेगळे वाजवतात. मॉर्गनमध्ये क्लिफर्ड ब्राउनची गोलाई आणि गिलेस्पीचा खट्याळपणा आहे. गोल्सनची मुळे स्विंग काळातील टेनर वादकांत आहेत. टिमन्सचा उजवा हात पियानोवादक बड पॉवेलकडे पाहतो आणि डावा चर्चच्या ऑर्गनकडे. मेरिटला वाट दाखवली ती ड्यूक एलिंग्टनच्या संचातील जिमी ब्लँटनच्या बेसने. शहरात चांगले शिक्षक होते, उदाहरणार्थ डेनिस सँडोल यांच्याकडे कोल्ट्रेन शिकला, पण 'फिलाडेल्फियाचा आवाज' असा एकच आवाज काढून दाखवता येणार नाही.

मग या चौघांत समान काय? माझ्या मते, ऐकण्याची सवय. एकाच प्रकारच्या चर्चमध्ये हाक कुठे संपते आणि उत्तर कुठे सुरू होते, हे लहानपणी कळलेले. एकाच प्रकारच्या नृत्यगृहांत लोकांचे पाय कशाने हलतात, हे अनुभवलेले. एकमेकांच्या घरात चुका करत वाजवलेले. त्यामुळे 'मोनिन'मध्ये 'आमेन'चे दोन स्वरमेळ पाचही जण ज्या एकाच वजनाने ठेवतात, ते वजन कोणी कागदावर लिहून दिलेले नाही आणि ते लिहिता येणारही नाही. घराणे गळ्यावर छाप सोडते. इथे शहराने कानावर छाप सोडलेली आहे.

खर्ज:

मध्यलय यांच्या उत्तराशी सहमत. फक्त ब्लेकी पिट्सबर्गचा असूनही त्याचा कान या चौघांशी जुळतो. म्हणजे चर्च आणि ब्लूज यांची ही ओळख एका शहरापुरती नव्हती. शहराने दिले ते एकमेकांची ओळख.

पूर्वपक्ष:

या मुद्द्याची पारख दुसऱ्या शहरांवर करून पाहावी. माझ्यासमोर दोन ध्वनिमुद्रिका आहेत.

पहिली 'ब्लोइंग इन फ्रॉम शिकागो'. मार्च १९५७ मध्ये 'मोनिन' काढणाऱ्या ब्लू नोट या कंपनीसाठीच मुद्रित झालेली. क्लिफर्ड जॉर्डन आणि जॉन गिलमोर हे दोन टेनर वादक शिकागोचे, दोघेही ड्यूसेबल हायस्कूलमध्ये कॅप्टन वॉल्टर डायट यांच्या हाताखाली घडलेले. त्या शिक्षकांनी घडवलेल्या वादकांची यादी थक्क करणारी आहे. मागे पियानोवर होरेस सिल्व्हर, बेसवर कर्ली रसेल आणि ड्रम्सवर पुन्हा आर्ट ब्लेकीच. म्हणजे तोच ब्लेकी, तेच हॅकेन्सॅकचे मुद्रणगृह, एका शहराचे दोन पुढचे वादक. ध्वनिमुद्रिका जोरकस आहे आणि मला प्रिय आहे, परंतु ती मुख्यतः लांब एकल वादनांची आहे. दोघे मित्र आळीपाळीने बोलतात. संच म्हणून एखादे वास्तुरूप उभे राहत नाही, कारण तिथे गोल्सनसारखा बांधणी करणारा कोणी नव्हता.

दुसरी 'मोटर सिटी सीन', १९६० सालची, बेथलेहेम कंपनीची. ट्रम्पेटवर डोनाल्ड बर्ड, बॅरिटोन सॅक्सोफोनवर पेपर अ‍ॅडम्स, गिटारवर केनी बरेल, पियानोवर टॉमी फ्लॅनगन, बेसवर पॉल चेंबर्स आणि ड्रम्सवर लुई हेज. सहाही जण डेट्रॉइटमध्ये घडलेले. बर्ड आणि चेंबर्स हे तिथल्या कॅस टेक या सरकारी शाळेचे विद्यार्थी. इथे फिलाडेल्फियाहून निराळी गोष्ट ऐकू येते. फ्लॅनगनच्या बोटांतली सफाई, बरेलचा मऊ ब्लूज, सगळे कसे आटोपशीर आणि सभ्य. कोणी कोणाच्या पुढे धावत नाही. अ‍ॅडम्सचा बॅरिटोन तेवढा करवतीसारखा मधून जातो. शहर एक असले की संगीत जुळते, एवढे या दोन्हींवरून सिद्ध होते. संगीत मोठे होण्यासाठी मात्र कोणीतरी ते जुळणे कामाला लावावे लागते. 'मोनिन'मध्ये ते काम दोघांनी केले, गोल्सनने लेखणीने आणि ब्लेकीने काठ्यांनी. आता तरी मध्यलय यांनी ब्लेकीला अर्धा वाटा द्यावा, ही विनंती.

मध्यलय:

अर्धा वाटा आनंदाने मान्य. तुलना फारच उपयुक्त आहे. शिकागोच्या ध्वनिमुद्रिकेवर ब्लेकीच असणे हा पुरावा माझ्या लक्षात आला नव्हता, आणि तो निर्णायक वाटतो.

दूरदेशी:

मुद्रणाच्या जागेविषयी एक भर घालतो. हॅकेन्सॅकचे ते 'मुद्रणगृह' म्हणजे रूडी व्हॅन गेल्डरच्या आईवडिलांच्या घराचा दिवाणखाना. व्हॅन गेल्डर दिवसा डोळे तपासून चष्मे देण्याचा व्यवसाय करत असे आणि उरलेल्या वेळात ध्वनिमुद्रण. १९५९ मध्ये तो एंगलवुड क्लिफ्सला, खास बांधून घेतलेल्या जागेत गेला. 'मोनिन' ही जुन्या घरातील अखेरच्या काळातील ध्वनिमुद्रिका आहे. फिलाडेल्फियातील घरांच्या समोरच्या खोलीत वाजवून मोठे झालेल्या चौघांनी आपले सर्वांत गाजलेले काम पुन्हा एका घराच्या समोरच्या खोलीतच केले. पाच वादक, पूर्ण ड्रम्स, मोठा पियानो, आणि वाद्ये एकमेकांपासून तोडणाऱ्या भिंती नाहीत. प्रत्येकाचा आवाज दुसऱ्याच्या मायक्रोफोनमध्ये शिरणार हे गृहीत. म्हणून 'आमेन'च्या उत्तरात ट्रम्पेट, बेस आणि झांज एकाच श्वासात ऐकू येतात. पुढील काळातील पुनर्प्रकाशनांत शीर्षकरचनेचे दुसरे मुद्रण आणि मॉर्गन व व्हॅन गेल्डर यांच्यातील काही सेकंदांचे बोलणेही दिलेले आहे. ते ऐकताना खोलीचा आकार कळतो.

सोनचाफा:

सर्वांच्या प्रतिसादांमुळे खूप कळले. या चौघांचे पुढे काय झाले, आणि 'मोनिन'नंतर काय ऐकावे?

खर्ज:

हा संच फार टिकला नाही. ध्वनिमुद्रणानंतर लगेच ते युरोपच्या दौऱ्यावर गेले. पॅरिसमधील क्लब सँ जर्मँ येथे २१ डिसेंबर १९५८ रोजी झालेले त्यांचे मुद्रण तुम्ही पुढे ऐकावे असे सुचवतो. त्यात 'मोनिन' अधिक लांब, अधिक बेभान आहे, आणि टिमन्सच्या वादनाच्या वेळी श्रोत्यांत बसलेली पियानोवादक हेझल स्कॉट न राहवून देवाचा धावा करते, तो उद्गार मुद्रणात स्पष्ट ऐकू येतो. १९५९ मध्ये गोल्सन बाहेर पडला आणि ट्रम्पेटवादक आर्ट फार्मरबरोबर त्याने 'जॅझटेट' हा संच काढला. त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेवर पियानोला मकॉय टायनर आहे, तोही फिलाडेल्फियाचाच. टिमन्स त्याच वर्षी सॅक्सोफोनवादक कॅननबॉल अ‍ॅडर्लीच्या संचात गेला आणि 'दिस हिअर' या रचनेने त्याने पुन्हा एकदा चर्चची लय लोकांच्या पायांत उतरवली. 'मोनिन'ला गायक जॉन हेंड्रिक्सने शब्द दिले आणि लँबर्ट, हेंड्रिक्स आणि रॉस या गायक-त्रयीने ती गायली.

मॉर्गन १९७२ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कमधील स्लग्ज या क्लबमध्ये गोळी लागून गेला, वय ३३. टिमन्स १९७४ मध्ये यकृताच्या विकाराने, वय ३८. गोल्सनने दीर्घायुष्य अनुभवले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ९५ व्या वर्षी तो गेला. मेरिट १९६२ पर्यंत ब्लेकीबरोबर होता. नंतर तो फिलाडेल्फियाला परतला आणि 'फोररनर्स' नावाच्या गटाबरोबर तालाच्या नव्या मांडणीवर काम करत राहिला. एप्रिल २०२० मध्ये ९३ व्या वर्षी त्याचे त्याच शहरात निधन झाले.

मध्यलय:

सोनचाफा, पॅरिसकडे जाण्यापूर्वी याच ध्वनिमुद्रिकेतील 'अलाँग केम बेटी' सावकाश ऐका. शीर्षकरचनेच्या गाजावाजात ती मागे पडते. एका स्त्रीच्या चालण्याच्या ढंगावरून गोल्सनला ती सुचली. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन जवळजवळ कुजबुजत एकच चाल वाजवतात, चाल शांतपणे पुढे जात राहते आणि तिच्याखाली स्वरमेळ मात्र सतत जागा बदलत राहतात, इतके अलगद की कान पुढच्या ठिकाणी पोहोचल्यावरच आपण हललो हे कळते. ब्लेकी इथे आपला सगळा जोर आवरून वाजवतो. पहिल्या वेळी फक्त वरची चाल ऐका, दुसऱ्या वेळी फक्त मेरिटचा बेस.